एकच डिस्क, दोन नावं

मोठ्या कारभारासाठी दोन-तीन सर्व्हर जोडून ठेवतात. एक बंद पडला, की दुसरा त्याची जागा घेतो. माहिती मात्र सामाईक डिस्कवर. गोम इथेच आहे. लिनक्स प्रणाली डिस्क सापडतील त्या क्रमानं त्यांना नावं देते : एसडीए, एसडीबी. त्यामुळे एका सर्व्हरवरची एसडीबी दुसऱ्यावर एसडीसी असू शकते. आमच्या मोहल्ल्यात एकाच माणसाला कुणी चाचा म्हणतं, कुणी मामू. तिथं घोटाळा होत नाही. इथं नुसत्या नावावर विसंबून डिस्क फॉरमॅट केली, तर भलतीचीच खाती पुसली जातील! पण प्रत्येक डिस्कला स्वतःचा ओळख-क्रमांक असतो, डब्ल्यूडब्ल्यूआयडी. कुठल्याही सर्व्हरवरून विचारा, तोच येतो. तो दोन्हीकडे ताडून पाहायचा आणि यूडेव्हच्या नियमांत त्या क्रमांकाला एकच नाव बांधून द्यायचं. तेही डिस्कवर पहिलं अक्षर लिहिण्याआधी.