थ्री सिक्स म्हणजे छत्तीस नाही
दातांच्या दवाखान्यात : लेखांक ४

मागच्या आठवड्यात ऑटोक्लेव्ह, पाउच आणि कचऱ्याच्या रंगीत पिशव्यांचं प्रकरण संपवलं. आता खुर्चीपाशी येऊ. इथे डॉक्टर बोलतात आणि असिस्टंट ऐकते. पण जे बोललं जातं ते धड मराठी नसतं आणि धड इंग्रजीही नसतं. "थ्री सिक्स, एमओ, डीप आहे. एलए लोड कर, बँड काढून ठेव." झालं. पुढच्या पाऊण तासाचं काम यात आलं. बोलणाऱ्याच्या तोंडावर मास्क, मागे कॉम्प्रेसरची घरघर, त्यात सक्शनचा आवाज. आणि पेशंट ऐकत असतो म्हणून 'परत सांगा ना' म्हणायला नवी मुलगी बिचकते. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांत असिस्टंट बहुधा कामावरच शिकते. तिला शिकवते तिच्या आधीची असिस्टंट, आणि ती स्वतःच महिन्याभरात दुसरीकडे जाणार असते.

म्हणून आज शब्द. मात्र पाठांतराला यादी देणार नाही. यादी पाठ असलेली मुलगी 'बँड' ऐकल्यावर बरोबर ड्रॉवर उघडते, पण बँडबरोबर आणखी काय लागणार हे तिला ठाऊक नसतं. दवाखान्यातला प्रत्येक शब्द हाताला काहीतरी काम सांगतो. ते काम कळलं की शब्द आपोआप लक्षात राहतो.

सुरुवात आकड्यांपासून. थ्री सिक्स म्हणजे छत्तीस नाही. तीन आणि सहा असे दोन वेगळे आकडे आहेत. तोंडाचे चार भाग पाडायचे. पेशंटचा वरचा उजवा भाग एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. हा झाला पहिला आकडा. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मागे मोजत जातो : एक आणि दोन पटाशीचे दात, तीन सुळा, चार आणि पाच उपदाढा, सहा आणि सात दाढा, आठ अक्कलदाढ. म्हणजे थ्री सिक्स ही खालची, डावीकडची पहिली दाढ. ही पद्धत एफडीआय या जागतिक दंतवैद्यक संघटनेने १९७०च्या सुमारास स्वीकारली आणि भारतात तीच शिकवली जाते. जुने डॉक्टर अजून कागदावर अधिकचं चिन्ह काढून त्याच्या कोपऱ्यात आकडा लिहितात. त्या पद्धतीचं मूळ १८६१ सालचं, झिग्मोंडी नावाच्या दंतवैद्याचं. तसा जुना केसपेपर हाती आला तर गोंधळायचं नाही, कोपरा बघून भाग ओळखायचा.

आपल्याकडे छत्तीसचा आकडा म्हणजे वैर, पण दवाखान्यात हा आकडा सारखा कानावर पडतो. त्याला कारण आहे. पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, तीही दुधाचा एकही दाढदात न पाडता, सगळ्यात मागे गुपचूप. आईला वाटतं दुधाचीच आहे, पडेल आणि नवी येईल. ती पडायची नसते. तोवर खाचांमध्ये कीड लागलेली असते.

उजव्या-डाव्याचा घोळ पहिल्या आठवड्यात सगळ्यांचाच होतो. उजवं-डावं नेहमी पेशंटचं. केसपेपरवरचा तक्ता मात्र समोरून तोंड बघितल्यासारखा छापलेला असतो, त्यामुळे पेशंटचा वरचा उजवा भाग कागदाच्या डाव्या कोपऱ्यात येतो. दुधाच्या वीस दातांना पहिला आकडा पाच ते आठ आणि दुसरा एक ते पाच. सहा ते बारा वयाच्या मुलांच्या तोंडात दोन्ही प्रकार एकाच वेळी नांदत असतात, तेव्हा कान जास्तच टवकारायचे : फाइव्ह फाइव्ह ही दुधाची दाढ, आणि ती पडल्यावर तिच्या जागी येणारी कायमची उपदाढ वन फाइव्ह.

यात चूक झाली तर काय होतं? दाताला तार लावायची असते तेव्हा जागा करण्यासाठी कधी कधी चार उपदाढा काढतात, बहुधा वन फोर, टू फोर, थ्री फोर आणि फोर फोर. त्या चारही धडधाकट असतात. कीड नाही, हलत नाही, सूज नाही. म्हणजे चुकलं तर सावध करणारी एकही खूण तोंडात नाही, आणि वन फोरच्या शेजारची वन फाइव्ह जवळपास तशीच दिसते. म्हणून चांगल्या दवाखान्यात असिस्टंट आकडा ऐकून उलट सांगते : "वन फोर, उजवी वरची पहिली उपदाढ." सुरुवातीला लाज वाटते. वाटू दे. अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या पेशंटच्या बाबतीत तर हे हवंच, कारण तिकडे एक ते बत्तीस असे सरळ नंबर देतात. तिकडच्या रिपोर्टात एकोणीस लिहिलेलं असलं तर आपल्याला निदान प्रश्न तरी पडतो, कारण आपल्याकडे तो नंबरच नाही. ती आपली थ्री सिक्स. पण चौदा दोन्हीकडे आहे. तिकडचा चौदा म्हणजे वरची डावी पहिली दाढ, आपला वन फोर म्हणजे वरची उजवी उपदाढ. बाजूसुद्धा वेगळी! असा रिपोर्ट आला की नंबरावर बोट ठेवून डॉक्टरांना विचारायचं.

आता 'एमओ'. दाताच्या प्रत्येक बाजूला नाव आहे. मधल्या रेषेकडची मेसियल, तिच्या उलटी म्हणजे मागची डिस्टल, गालाकडची बकल, जिभेकडची लिंग्वल, चावायची ऑक्लूजल. वरच्या दातांना आतून जिभेऐवजी टाळू असते म्हणून तिथे पॅलेटल. पुढच्या दातांना बाहेरून ओठ असतो म्हणून लेबियल, आणि त्यांच्या धारेला इन्सायजल. डॉक्टर नुसतं 'ओ' म्हणाले तर कीड वरच्या खाचांत आहे, चारही भिंती शाबूत आहेत, भरायचं साहित्य वरून ठासलं की काम झालं. 'एमओ' म्हणाले की पुढची भिंतच गेलेली आहे. भरलेलं साहित्य शेजारच्या दातावर जाऊन चिकटणार. म्हणून तात्पुरती भिंत हवी : पातळ पोलादी मॅट्रिक्स बँड, तो आवळणारा टॉफलमायर रिटेनर आणि दोन दातांच्या फटीत ठोकायची लाकडी वेज. तिन्ही ट्रेमध्ये एकत्र. वेज विसरली तर बँड दाताच्या मानेशी नीट टेकत नाही, साहित्य हिरडीखाली बाहेर येतं, आणि काही दिवसांनी पेशंट 'दाढेत अन्न अडकतं, रक्त येतं' म्हणत परत येतो. बँड रिटेनरमध्ये अडकवताना रिटेनरच्या खाचा हिरडीकडे उघडल्या पाहिजेत. नाहीतर भराव बसल्यावर रिटेनर सोडवताना तो भरावासकट उचकटायची भीती असते. एका अक्षराने ट्रे बदलतो तो असा.

भराव कंपोझिटचा असेल तर पुढचे शब्द ठरलेल्या क्रमाने येतात : एच, वॉश, ड्राय, बॉन्ड, क्युअर. एच म्हणजे बहुधा निळ्या रंगाची, फॉस्फोरिक ॲसिडची जेल. ती दातावर काही सेकंदच ठेवायची असते. 'वॉश' ऐकू येण्याआधी सक्शन जागेवर पाहिजे, कारण ती आंबट जेल जिभेवर उतरली की पेशंट तोंड मिटतो. वॉशनंतरचे काही क्षण सगळ्यात नाजूक. ओला झालेला कापसाचा रोल बदलायचा, पण लाळेचा थेंबही दाताला लागू द्यायचा नाही. लागला तर परत एचपासून. बॉन्डचा थेंब आधीच काढून ठेवायचा नाही, त्यातलं द्रावण उडून जातं. आणि कंपोझिट खुर्चीच्या दिव्याखाली उघडं ठेवलं तर तोंडात जायच्या आधीच कडक व्हायला लागतं.

सिमेंटच्या बाबतीत डॉक्टर फक्त 'ल्यूटिंग' किंवा 'फिलिंग' म्हणतात. ल्यूटिंग कॅप चिकटवण्यासाठी : स्पॅच्युला उचलला की एकतारी पाकासारखी तार सुटली पाहिजे. फिलिंग घट्ट. ग्लास आयनोमर या दोन्ही कामांना वापरतात, पण पावडरी वेगवेगळ्या असतात. डबीवर टाइप वन की टाइप टू ते वाचूनच झाकण उघडायचं. घोटायला प्लास्टिकचा स्पॅच्युला घ्यायचा, कारण पावडरीतली काच स्टीलला घासून सिमेंट काळपट करते. घोटलेल्या गोळ्यावरची चकाकी गेली की तो दाताला नीट धरत नाही, मग फेकून नवा करावा. झिंक ऑक्साइड-युजेनॉल म्हणजे दवाखान्यात शिरल्या शिरल्या येतो तो लवंगेचा वास. अल्जिनेट, म्हणजे माप घ्यायची ती गुलाबी-पांढरी पावडर, गार पाण्यात उशिरा आणि कोमट पाण्यात लवकर घट्ट होते. विदर्भातल्या मे महिन्यात नळाच्या पाण्याने ती वाडग्यातच बसते, म्हणून तिथल्या मुली फ्रिजचं पाणी जवळ ठेवतात.

रूट कॅनालच्या फाइलींना नंबर आणि रंग दोन्ही असतात. पंधरा पांढरी, वीस पिवळी, पंचवीस लाल, तीस निळी, पस्तीस हिरवी, चाळीस काळी; पंचेचाळीसपासून पुन्हा पांढरी. पंधरा म्हणजे टोकाशी ०.१५ मिलिमीटर. घोळ वेगळाच होतो. फाइली २१, २५ आणि ३१ मिलिमीटर लांबीच्या मिळतात, त्यामुळे 'ट्वेंटी फाइव्ह दे' याचे दोन अर्थ निघतात : लाल फाइल, किंवा पंचवीस लांबीची कुठलीही. माझं मत विचाराल तर रंगाने मागणं सगळ्यात सुटसुटीत : "रेड, ट्वेंटी वन लेंथ." डॉक्टर तसं मागत नसतील तर मुलीनेच तसं उलट विचारायचं; दोन दिवसांत डॉक्टरांनाही सवय लागते.

हे सगळं बोलणं पेशंटच्या तोंडावर होत असतं, हे विसरायचं नाही. म्हणून 'सुई' ऐवजी 'एलए', आणि सिरिंज हनुवटीखालून, नजरेआडून द्यायची. फाइल आत मोडली तरी 'अगं बाई' नाही; 'सेपरेट झाली' एवढंच, पेशंटला काय ते डॉक्टर सांगतील. लहान मुलाला 'दाताला झोपवायचं औषध' म्हटलेलं चालतं. 'काही दुखणार नाही' असं मात्र कधी म्हणू नये. दुखलं की तो मुलगा पुढे आपलं काहीच खरं मानत नाही.

शब्दांचा उलटा प्रवासही आहे, आणि कोर्सच्या पुस्तकांत तो फारसा सापडत नाही. पेशंट आपल्या भाषेत सांगतो, ते केसपेपरवर कसं उतरवायचं? नुसतं 'दात दुखतो' लिहिलं तर काहीच लिहिलं नाही. मराठीत दातदुखीला शब्द भरपूर आहेत आणि पेशंट ते नेमके वापरतो. गार पाण्याने शिवशिवतं आणि लगेच थांबतं, ही एक गोष्ट. गरम चहाने सणक जाते आणि बराच वेळ राहते, ही वेगळी. तिथे आतल्या पल्पपर्यंत प्रकरण गेल्याची शंका येते. रात्री आडवं झाल्यावर ठणका लागतो, झोपमोड होते, हे तर लाल अक्षरात लिहावं. चावताना दुखतं म्हणजे मुळाशी सूज किंवा दाताला चीर. दात आंबलेत म्हणजे झीज. निदान डॉक्टरच करतील, पण पेशंटचा शब्द जसाच्या तसा कागदावर आला तर त्यांचे पाच प्रश्न वाचतात. 'वरचा दात काढला की डोळ्याची नस दुखावते ना?' हा प्रश्नही असिस्टंटलाच विचारला जातो, डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो म्हणून. उत्तर 'नाही' असं आहे आणि ते ठामपणे द्यावं.

सगळ्यात निसरडा शब्द 'औषध'. एखाद्या मावशींशी होणारा संवाद ऐका :

"मावशी, काही औषधं चालू आहेत का?"

"नाही गं पोरी, औषध कशाला लागतंय मला."

"बीपीची गोळी? शुगरची?"

"ती होय! ती रोजचीच की."

"आणि रक्त पातळ करायची?"

"ते ठाऊक नाही बाई. हार्टची एक पांढरी देतात बारकी."

रोजच्या गोळीला पेशंट औषधात धरत नाही. म्हणून आजारांची नावं घेऊन विचारायचं, आणि 'बारकी पांढरी' वर थांबायचं नाही. घरी फोन करून पाकिटाचा फोटो मागवायचा आणि औषधाचं नाव डॉक्टरांना दाखवून केसपेपरवर लिहायचं. दात काढायचा आहे म्हणून ती गोळी बंद करा, असं आपल्या तोंडून कधीही जाता कामा नये. पुष्कळ पेशंट कुणीतरी सांगितलं म्हणून ती आपणच बंद करून येतात, तेही विचारून लिहायचं : शेवटची गोळी कधी घेतली.

पुढच्या आठवड्यात एक्स-रे : फिल्म आणि सेन्सर, आयओपीए आणि ओपीजी, आणि शिशाचा एप्रन घडी घालून का ठेवू नये.