ओढ्याकाठचा शीळकरी

आषाढातली पहाट. आंबोलीच्या घाटात धुके इतके दाट, की दहा पावलांवरचे झाड दिसत नाही. ओढा दुथडी भरून खळाळतो आहे. अशा गोंगाटात कोणीतरी शीळ घालू लागते. सूर चढतो, घसरतो, मध्येच थांबतो. जणू शाळेला निघालेला एखादा मुलगा विसरलेली चाल आठवीत चालला आहे. शोधायला जाल तर मुलगा सापडणार नाही. गाणारा असतो शीळकरी कस्तूर. इंग्रजांनीही त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी’ असेच टोपणनाव दिले होते.

हा पक्षी ओळखावा कसा? लांबी सुमारे २५ सेंटीमीटर, म्हणजे साळुंकीपेक्षा किंचित मोठा. अंग निळसर काळे. कपाळावर आणि खांद्यावर चकाकणारा गडद निळा पट्टा. चोच आणि पाय काळे. नर व मादी सारखेच दिसतात. सह्याद्रीत आढळणाऱ्या दुसऱ्या एका काळपट कस्तुराची चोच नारिंगी-पिवळी असते. तेव्हा आधी चोच पाहावी, म्हणजे घोटाळा होत नाही.

सावलीत मात्र तो नुसता काळा दिसतो. उन्हाची तिरीप पडली, की निळाई झळकते. याचे कारण गमतीचे आहे. पक्ष्यांच्या निळ्या पिसांत बहुधा निळे रंगद्रव्य नसतेच. पिसातील अतिसूक्ष्म रचना प्रकाशातील निळा भाग परत फेकते आणि खालचे काळे द्रव्य उरलेला प्रकाश शोषून घेते. असे पीस कुटून त्याची पूड केली, तर रचना मोडते आणि निळा रंग नाहीसा होतो!

आता खरा प्रश्न. ओढ्याच्या एवढ्या आवाजात याची शीळ ऐकू येते कशी? पाण्याच्या खळखळाटात असंख्य कंप्रतांचे ध्वनी मिसळलेले असतात, आणि त्यातला मोठा वाटा खालच्या, म्हणजे घोगऱ्या ध्वनींचा असतो. (कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने.) शिळेचे तसे नाही. तिची सारी ऊर्जा एका वेळी एका अरुंद पट्ट्यात एकवटलेली असते, आणि तीही खळखळाट जेथे विरळ होतो अशा वरच्या पट्ट्यात. शिवाय दर सेकंदाला २००० ते ५००० कंपनांचे ध्वनी आपल्या कानाला सर्वांत चांगले ऐकू येतात. रेडिओची सुई नेमकी जुळवली, की खरखरीतूनही गाणे निवडता येते, तसेच काहीसे येथे घडते.

याचा प्रयोग घरी करता येईल. नळ बादलीत जोरात सोडा. मित्राला नळाजवळ उभे करून आधी खालच्या स्वरात गुणगुणायला सांगा, मग तितक्याच जोराने शीळ घालायला सांगा. एकेक पाऊल मागे सरकत जा. कोणता आवाज आधी हरवतो ते पावले मोजून लिहून ठेवा. प्रयोग संपला, की बादलीतले पाणी झाडांना घाला.

शीळकरी कस्तुराचे घर म्हणजे सह्याद्री: गुजरातच्या डांगापासून थेट केरळपर्यंत. सातपुड्यात व पूर्व घाटाच्या काही भागांतही तो राहतो. महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर येथे त्याची गाठ हमखास पडते. खेकडे, गोगलगायी, गांडुळे, किडे आणि रानफळे हे त्याचे अन्न. पावसाळ्यात तो ओढ्याकाठच्या कपारीत मुळ्या, शेवाळ आणि चिखल यांचे वाटीसारखे घरटे बांधतो. पावसाळा सरला, की गाणे जवळजवळ थांबते.

आज हा पक्षी दुर्मिळ नाही. पण त्याचे सारे गणित ओढ्याशी बांधलेले आहे. काठची झाडी तोडली, कपारी सिमेंटने लिंपल्या, पाणी उगमापाशीच नळात घातले, तर खेकडे जातात, घरट्याची जागा जाते आणि मग शीळही जाते. पाऊस तेवढाच पडला तरी!

म्हणून पावसाळी सहलीला जाल तेव्हा धबधब्याजवळ ध्वनिवर्धक लावू नका. घरटे दिसले तर लांबूनच पाहा. पाच मिनिटे गप्प उभे राहा. शीळ ऐकू आली, तर तो ओढा जिवंत आहे असे खुशाल समजा.