सांडपाण्यावर परसबाग

सन २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा टंचाईत मोरीतून वाहून जाणारे पाणीही मोलाचे ठरते. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबास २७५ लिटर. त्यातील निम्मे जरी स्नान, धुणे व भांडी यांवर खर्च झाले, तरी सुमारे १३५ लिटर पाणी झाडांच्या उपयोगी पडू शकते.

मात्र काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. शौचालयाचे पाणी यात कदापि मिसळू देऊ नये. खरकटे जाळीने व तेलकट अंश वाळू-खडीच्या थराने अडवावा. साठविलेल्या पाण्यास दुर्गंधी सुटते व त्यात डास होतात. म्हणून ते त्याच दिवशी आळ्यात सोडावे. केळ, नारळ, कर्दळ यांना ते मानवते; कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊ नये. साबणातील सोडियम साचून जमीन चोपण होऊ नये, यासाठी अधूनमधून साधे पाणी द्यावे.

उरलेल्या पाण्यासाठी शोषखड्डा घ्यावा. शाळा व ग्रामपंचायत कार्यालये यांच्या आवारात आरंभ झाल्यास घरोघरी त्याचे अनुकरण होणे कठीण नाही.