सर्व्हरचा रोजनामचा वाचल्याशिवाय राउटर बदलू नका

व्यापारी बंधूंच्या पेढीवर गादी-तक्क्याशेजारी आता एक संगणक सर्व्हर म्हणून येऊन बसला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजारांवरचा माल परराज्यात पाठविण्यासाठी ई-वे बिल लागू झाले आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. हाताने चलन फाडून गाठी ट्रकमध्ये चढविण्याचे दिवस संपले. बिल निघाले नाही तर माल हलत नाही. ट्रक दारात उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवितो आहे आणि पडद्यावर 'नेटवर्क एरर' अशी पाटी लागली आहे, हा अनुभव बहुतेकांना आहे.

अशा वेळी आपल्याकडे काय होते? प्रथम संगणक बंद करून चालू केला जातो. त्याने भागले नाही तर हार्डवेअरच्या दुकानातून मुलाला बोलावले जाते. मुलगा येतो, तारा हलवून पाहतो आणि म्हणतो, "चाचा, राउटर गेला, नवा टाका." नवा राउटर येतो, चार दिवस सारे सुरळीत चालते, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळी तीच पाटी पुन्हा लागते. मग स्विच बदलतो, मग सर्व्हर बदलण्याची गोष्ट निघते. मागचा धंदा मंदीत असताना हा खर्च कमी नाही. आमचे म्हणणे एवढेच की पैसे काढण्यापूर्वी सर्व्हरचा लॉग उघडून पाहावा. तो पाहण्याची तसदी शंभरात पाच लोकही घेत नसावेत असे आम्हांस वाटते.

लॉग म्हणजे दुसरे काही नसून सर्व्हरचा रोजनामचा आहे. आपला मुनीम जसा तारीख, वेळ, कोणाकडून आले, कोणाकडे गेले हे लिहून ठेवतो, तसेच हे यंत्र स्वतःच्या हाताने लिहीत असते. विंडोजमध्ये ही सोय १९९३ साली आलेल्या एनटीपासून आहे. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडावे. त्यात सिस्टिम, ॲप्लिकेशन आणि सिक्युरिटी अशा मुख्य वह्या दिसतात. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, लिहिणाऱ्या प्रोग्रामचे नाव आणि एक क्रमांक असतो. बिलाच्या प्रोग्रामचा लॉग बहुधा वेगळा असतो, तो कोठे आहे हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. इंग्रजी वाक्य आम्ही आजही बोट ठेवून वाचतो. पण येथे इंग्रजीची फारशी गरज पडत नाही, क्रमांक वाचता आला की काम भागते. आणि लाल खूण दिसली की घाबरून जाऊ नये. निरोगी यंत्राच्या वहीतही लाल खुणा असतात. जी नोंद पुन्हा पुन्हा येते तिच्याकडेच लक्ष द्यावयाचे.

वारंवार येणाऱ्या नोंदींत तीन क्रमांक मुख्य आहेत आणि त्यांतला फरक कळला तर निम्मे काम झाले.

१००६१ म्हणजे 'कनेक्शन रिफ्युज्ड'. आपण पेढीवर फोन केला, फोन उचलला गेला आणि समोरून सांगितले गेले की येथे असा कोणी नाही. म्हणजे तार ठीक आहे, सर्व्हर जिवंत आहे, फक्त बिलाचा प्रोग्राम किंवा डेटाबेस सुरू नाही, नाहीतर त्याचा पोर्ट क्रमांक बदलला आहे. येथे राउटर बदलणे म्हणजे ताणा तुटला असताना बाण्याची कांडी बदलण्यासारखे आहे. १००६० म्हणजे 'टाइम आउट'. घंटी वाजत राहिली, कोणी उचलले नाही. सर्व्हर बंद असेल, वाट तुटली असेल किंवा मध्ये एखादी फायरवॉल निरोप गुपचूप गिळत असेल. या दोहोंची ओळख पाटी येण्यास किती वेळ लागला यावरूनही पटते. नकार एक-दोन सेकंदांत येतो, टाइम आउट येण्यास विंडोजमध्ये साधारण २० सेकंद लागतात. गुमास्त्याला एवढेच विचारावे, "पाटी लगेच आली की थांबून आली?"

तिसरा १००५४, 'कनेक्शन रिसेट'. बोलणे चालू होते आणि मध्येच फोन ठेवला गेला. सर्वांत जास्त गैरसमज याच्याबाबत होतो. नोंदीत लिहिलेले असते की समोरच्या यंत्राने संबंध तोडला. पण मुनीम त्याला जे दिसले तेवढेच लिहितो. खरे तोडणारा पुष्कळदा मधला राउटर असतो.

उदाहरण घ्या. मालेगावच्या पेढीवर सर्व्हर आहे आणि मुंबईच्या दुकानातून त्यावर बिले बनतात. सकाळी सर्व ठीक. दुपारी जेवण व नमाजसाठी तासभर काम थांबते. परत येऊन पहिले बिल टाकले की एरर येते, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की चालू. रोज तेच. याचे कारण असे की कोण कोणाशी बोलत आहे याची एक यादी राउटर आपल्याजवळ ठेवतो. काही वेळ कोणी बोलले नाही की तो ते नाव यादीतून खोडतो. दोन्ही टोकांच्या यंत्रांना मात्र याची खबर नसते. 'मी अजून आहे' असे समोरच्याला मधून मधून कळविण्याची रीत आहे, तिला 'कीप-अलाइव्ह' म्हणतात. पण विंडोज आणि लिनक्स दोन्हींत तिची मूळ मुदत २ तासांची ठेवलेली आहे आणि पुष्कळ लहान राउटर त्याच्या फार आधीच नाव खोडून मोकळे होतात. ही मुदत ५ मिनिटांवर आणली आणि प्रोग्राममध्ये ती सोय चालू केली की हा रोग जातो. खर्च शून्य. त्याच वेळी नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये वीज वाचविण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी दिलेली असते, तीही काढून टाकावी.

आता खरी गोष्ट वेळेची. एकटी नोंद काही सांगत नाही, पंधरा दिवसांच्या नोंदी एका कागदावर उतरविल्या की त्या बोलू लागतात. तारीख, वार, वेळ, कोणते यंत्र, कोणता क्रमांक, एवढे रकाने पुरतात. आमच्या एका स्नेह्याच्या कारखान्यात ऑफिस आणि गोदाम यांच्यातील संबंध दिवसातून दहा-बारा वेळा तुटत असे. सिस्टिमच्या वहीत 'लिंक डिस्कनेक्टेड' अशी नोंद पडे आणि लगेच पुन्हा जोडल्याची. दोन वेळा स्विच बदलून झाला होता. आम्ही नोंदी कागदावर मांडल्या तेव्हा दिसून आले की शुक्रवारचा रकाना कोरा आहे. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात हे वाचकांना सांगावयास नको. ज्या दिवशी वीज नव्हती आणि ऑफिस तेवढे इन्व्हर्टरवर चालले, तो दिवसही कोरा. म्हणजे माग चालू असले तरच संबंध तुटतो. केबलचा माग काढला तेव्हा ती मोटारींच्या वीजतारांसोबत एकाच पट्टीतून नेलेली निघाली, आणि मध्ये एक जोड होता, तोही तारा पिळून वर चिकटपट्टी लावलेला. तांब्याच्या नेटवर्क केबलला एका टप्प्यात १०० मीटरची मर्यादा आहे. जड मोटारीच्या तारेलगत ती चालवू नये आणि पिळून जोडू नये. तेथे ऑप्टिकल फायबर टाकली. फायबरमधून वीज नव्हे, प्रकाश जातो, त्यामुळे मोटारीचा उपद्रव तिला होत नाही. त्या दिवसापासून नोंदी बंद झाल्या. नवे दोन स्विच कपाटात पडून आहेत.

आणखी एक नोंद कारखान्यांतून फार दिसते, ४१९९. एकाच पत्त्यावर दोन यंत्रे. कॅमेऱ्याचा रेकॉर्डर किंवा हजेरीचे अंगठा-यंत्र बसविणारा माणूस स्वतःच्या सोयीने त्याला एक पक्का पत्ता देऊन जातो, आणि काही दिवसांनी तोच पत्ता राउटर दुसऱ्या संगणकाला देतो. मग कधी हा चालतो, कधी तो. या नोंदीत दुसऱ्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता लिहिलेला असतो, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. पहिल्या तीन जोड्यांवरून बनविणारी कंपनी कळते. कंपनी कॅमेऱ्याची निघाली तर शोध तेथेच संपला. (मोबाइल फोनच्या बाबतीत ही खूण आता चालत नाही, अलीकडचे फोन बनावट पत्ता धारण करतात.) उपाय सोपा आहे. सर्व्हर, प्रिंटर, कॅमेरा, हजेरी-यंत्र यांच्यासाठी पत्त्यांचा एक हिस्सा राखून ठेवावा, राउटरने त्यातून कोणाला काही वाटू नये, आणि ती यादी भिंतीवर चिकटवावी.

घड्याळाकडेही पाहावे. दोन यंत्रांच्या वह्या ताडून पाहावयाच्या असतील तर दोघांची वेळ एक हवी, नाहीतर सारा हिशेब चुकतो. जुन्या संगणकातील नाण्याएवढा सेल उतरला की यंत्र चालू करताच तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सरकारी पोर्टल उघडत नाही, कारण पोर्टलच्या प्रमाणपत्राची तारीख संगणकाच्या तारखेशी जुळत नाही. लोक इंटरनेट कंपनीला शिव्या देत बसतात आणि दोष किरकोळ किमतीच्या सेलचा असतो.

वर सांगितलेल्या नोंदी नुकसानीच्या आहेत, पण आता जी सांगतो ती धोक्याची आहे. सिक्युरिटीच्या वहीत ४६२५ पाहावा. ही चुकीच्या पासवर्डची नोंद आहे, काही यंत्रांवर ती चालू करून घ्यावी लागते. गुमास्त्याने सकाळी एकदा पासवर्ड चुकविला तर काही बिघडत नाही. परंतु रात्री दोन-तीन वाजता मिनिटाला अनेक नोंदी पडत असतील, पत्ते अनोळखी असतील आणि नावे 'ॲडमिन', 'टेस्ट', 'यूजर' अशी असतील, तर कोणीतरी दुकानाच्या कुलपाला एकामागून एक किल्ल्या लावून पाहत आहे असे समजावे. घरून काम करता यावे म्हणून राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा करून दिलेला असतो, त्याच वाटेने हे येतात. किल्ली लागली तर खतावणी, येणी, बिले सर्व कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते. उधारीवर चालणाऱ्या आपल्या धंद्यात येण्यांची वही गेली तर कोणाकडे काय मागणार? तो पोर्ट त्याच दिवशी बंद करावा, बाहेरून यावयाचेच असेल तर व्हीपीएनमधून यावे, ठराविक चुकांनंतर खाते अडविले जाईल अशी सोय करावी आणि बॅकअपची एक डिस्क यंत्रापासून काढून वेगळी ठेवावी. लावून ठेवलेली डिस्कही खतावणीसोबत कुलूपबंद होते. घात झालाच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशात अशा घटनांची माहिती ६ तासांत देण्यास आणि लॉग १८० दिवस जपून ठेवण्यास कंपन्यांना सांगितले आहे.

१८० दिवस दूरच, पुष्कळ यंत्रांत आठवड्याभराचीही नोंद सापडत नाही. विंडोजची प्रत्येक वही मुळात २० एमबीची असते, भरली की जुनी पाने पुसून त्यांवरच लिहिते. तिचा आकार वाढवून घ्यावा. आणि दुरुस्तीला आलेला मुलगा जाताना 'क्लिअर लॉग' दाबून वही कोरी करीत असेल तर त्याला रोखावे. वही पुसली तरी पुसल्याची नोंद मागे राहतेच, सिस्टिममध्ये १०४ आणि सिक्युरिटीत ११०२, पुसणाऱ्या खात्याच्या नावासह.

शेवटी तार कोठे तुटते आहे हे पाहण्याचे साधन. 'पिंग' हा छोटा प्रोग्राम माइक मूस या अमेरिकन गृहस्थांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला आणि आजही त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. शाखेतील संगणकावर तीन खिडक्या उघडाव्यात. एकीतून स्वतःच्या राउटरला पिंग करावे, तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो. दुसरीतून पेढीच्या सर्व्हरला, तिसरीतून ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला. दिवसभर चालू ठेवावे. राउटरचेच उत्तर गळत असेल तर दोष आपल्या छताखाली आहे, केबल बदला किंवा बिलाचे यंत्र वायफायवरून काढून तारेवर आणा. वायफाय मोबाइलसाठी ठीक आहे, बिलासाठी आम्ही कधीच ठेवीत नाही. राउटर आणि बाहेरचा पत्ता दोन्ही ठीक, फक्त सर्व्हर गप्प, तर दुसऱ्या टोकाला पाहावे. राउटर ठीक आणि बाकी दोन्ही गळतात, तेव्हाच इंटरनेट कंपनीला फोन करावा. त्या वेळी 'नेट चालत नाही' एवढेच म्हणू नये. अमुक तारखेला दुपारी ३ वाजून १२ मिनिटांपासून ३ वाजून १९ मिनिटांपर्यंत राउटर उत्तर देत होता आणि बाहेरचा पत्ता बंद होता, असे सांगून तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा व तो त्याच कागदावर त्या वेळेपुढे लिहून ठेवावा.