चुंबकाची दिशानिष्ठा

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. तेथील प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या कारखान्यात मोटारगाड्यांच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट तयार होतात. इंजिनाच्या झडपा नेमक्या क्षणी उघडणे व मिटणे हे ह्या दंडाचे काम होय. परंतु विजेच्या गाडीत इंजिन नाही, झडपा नाहीत आणि म्हणून कॅमशाफ्टही नाही. तिची चाके फिरविणाऱ्या मोटारीच्या पोटात बहुधा कायम चुंबक बसविलेले असतात. तेव्हा चुंबकाचे शास्त्र ही केवळ प्रयोगशाळेतील बाब राहिली नसून कारखान्यांच्या गावांच्या चरितार्थाशी तिचा संबंध येऊन पोहोचला आहे.

चुंबक उत्तम कोणता? जो अधिक जोराने ओढतो तो, असे सामान्यतः समजले जाते. पण ते अर्धेच सत्य आहे. साधे लोखंडही चुंबकाजवळ नेले असता जोरदार चुंबक बनते, मात्र दूर नेताच आपले चुंबकत्व बव्हंशी गमावते. त्याच्या अंगी बळ आहे, निष्ठा नाही. मोटारीतील चुंबकावर तर विजेच्या वेटोळ्यांचे विरुद्ध बल सारखे आघात करीत असते. तेथे आपली दिशा न सोडणाराच टिकतो.

ह्या दिशानिष्ठेचे शास्त्रीय नाव चुंबकीय विषमदिकता. कापड धाग्याच्या दिशेने सरळ फाटते, तिरके फाडू गेल्यास अडते. दिशा बदलली की गुणही बदलतो. काही स्फटिकांत तसेच घडते. अणूंचे चुंबकत्व एका अक्षाला धरून सुखाने राहते व त्यापासून वळविण्यास पुष्कळ ऊर्जा खर्चावी लागते. १९८३ च्या सुमारास जपानमध्ये मासातो सागावा व अमेरिकेत जॉन क्रोट ह्यांनी स्वतंत्रपणे शोधलेला निओडायमियम, लोह व बोरॉन ह्यांचा स्फटिक ह्याच जातीचा आहे. त्याचे बारीक चूर्ण चुंबकीय क्षेत्रात ठेवून सर्व कणांचे अक्ष एका दिशेस आणतात आणि मग दाबून भट्टीत भाजतात.

ह्या स्फटिकात बळ मुख्यतः लोहाचे, निष्ठा मुख्यतः निओडायमियमची. ह्या दुर्मीळ मृत्तिका-धातूच्या अणूतील काही विद्युत्कणांचा मेघ गोल नसून पेढ्याप्रमाणे चापट असतो. शेजारच्या अणूंच्या विद्युत्भारामुळे तो स्फटिकात एका विशिष्ट रीतीनेच नीट बसतो, आणि चुंबकत्वाची दिशा त्याच्याशी जखडलेली असते. सॅमेरियमचा मेघ खारकेप्रमाणे लांबट असल्याने तो ह्या घरात नीट बसत नाही. त्याला कोबाल्टच्या स्फटिकाचे निराळे घर लागते.

ही पकड मात्र सर्व उष्णमानांत सारखी राहत नाही. उष्णता वाढली की दुर्मीळ धातूची पकड झपाट्याने ढिली होते. लोहाची पकड मुळात सौम्य, पण ती टिकून राहते. दोघांची ओढ भिन्न दिशांना असेल, तर एका ठराविक उष्णमानाला पारडे फिरते व चुंबकत्वाची दिशाच बदलते. ह्यालाच परिवलनाचे दिशांतर म्हणतात. निओडायमियमच्या जागी एर्बियम घातल्यास हे दिशांतर सुमारे ५० अंश सेल्सियसला होते : त्याखाली चुंबकत्व आडवे, त्यावर उभे. निओडायमियमच्या स्फटिकात ते शून्याखाली सुमारे १३८ अंशांना घडते. अतिशीत अवस्थेत मेघाच्या आकारातील बारीक कंगोरेही बलवान होतात आणि चुंबकत्व अक्षापासून कलू लागते. निरपेक्ष शून्याच्या जवळ हा कल सुमारे ३० अंशांचा होतो. म्हणून अतिशीत यंत्रांत त्याच्याऐवजी प्रासिओडिमियमचा चुंबक वापरतात. त्यात असा कल येत नाही.

मोटारीचे संकट उलट टोकाचे आहे. तिच्या पोटात उष्णमान १५० अंशांपर्यंत चढू शकते, आणि तेथे निओडायमियमची पकड अपुरी पडते. उपाय म्हणून थोडे डिस्प्रोशियम मिसळतात. त्याचा मेघही चापट, पण पकड अधिक घट्ट. मात्र त्याचे चुंबकत्व लोहाच्या उलट दिशेस असल्याने एकूण बळ घटते. निष्ठा विकत घ्यावयाची तर बळातून किंमत मोजावी लागते.

ह्या चिमूटभर धातूचे मोल २०२५ साली कळून आले. ४ एप्रिल रोजी चीनने डिस्प्रोशियम, टर्बियम व सॅमेरियम ह्यांसह सात धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्या यादीत निओडायमियम नव्हते. परंतु उष्णता सोसणारे चुंबक त्यात अडकले. जुलैमध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने, चुंबकांअभावी विजेच्या स्कूटरींचे उत्पादन थांबू शकेल, असा जाहीर इशारा दिला. विशाखापट्टण येथे २०२३ साली राष्ट्रार्पण झालेला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साह्याने उभारलेला कारखाना सॅमेरियम-कोबाल्ट चुंबकांचा असून त्याची क्षमता वर्षाला अवघी ३,००० किलो आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वर्षाला ६,००० टन चुंबकांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

पैशाने भट्ट्या उभ्या राहतील. पण त्यांतून निघणारा चुंबक तापलेल्या मोटारीत दिशा धरून राहील की नाही, हे त्या चापट मेघाची पकड किती ओळखली गेली ह्यावरच ठरेल.