पोटातल्या गोळ्याची गोष्ट

तोंडी परीक्षा चालू आहे. हजेरीपटावर तुमच्या आधी दोनच नावं उरलीत. काल रात्री आईने विचारलं तेव्हा सगळं घडाघडा सांगितलं होतं, आणि आता? पोटात गोळा. घशाला कोरड. तळहात गार. छातीत अशी धडधड, की शेजारच्या बाकावर ऐकू जाईल असं वाटतं.

यातला एकही शब्दप्रयोग उगाच नाही बरं का! आपल्या खापरपणज्यांनी मज्जासंस्था हा शब्द कधी ऐकला नसेल, पण घाबरल्यावर शरीरात काय काय होतं ते त्यांनी अचूक टिपलंय.

मेंदूत दोन्ही बाजूंना आत एकेक बदामाएवढा भाग असतो. त्याचं नाव अमिग्डला. ग्रीक भाषेत बदामाला म्हणतात तेच. हा आपला पहारेकरी. अंगावर धावून येणारा कुत्रा आणि ‘पुढचा नंबर तुझा’ यातला फरक त्याला चटकन कळत नाही. तो ओरडला, की मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींपर्यंत निरोप जातो आणि त्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदय पळायला लागतं. कातडीकडे जाणारं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. लाळ आटते. आणि पोट? ते काम थांबवतं. वाघ मागे लागलेला असताना पोळीभाजी पचवत कोण बसेल?

हे पोटाचं थांबणं एका माणसाने चक्क डोळ्यांनी पाहिलं. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डमध्ये वैद्यकी शिकणारा वॉल्टर कॅनन त्या किरणांनी मांजरांच्या पोटात डोकावू लागला. अन्न घुसळताना पोटावर लाटा उठतात, त्या त्याला पडद्यावर दिसायच्या. मांजर बिथरली की लाटा बंद! मग त्याने तिच्या पाठीवरून हळुवार हात फिरवला. मांजर घुरघुरू लागली आणि लाटा पुन्हा सुरू झाल्या. मला या गोष्टीतला तो हात सगळ्यात जास्त आवडतो. औषध नाही, उपदेश नाही, नुसता हात.

आता पुढचा भाग आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा.

अ‍ॅड्रेनलिनच्या मागोमाग कॉर्टिसॉल नावाचं दुसरं रसायन रक्तात वाढतं, आणि भीतीचं कारण संपल्यावरही ते बराच वेळ रेंगाळतं. त्या वेळात ‘एवढं काय घाबरायचं?’ असं विचारून काही उपयोग होत नाही, कारण विचार करणारा मेंदू तेव्हा मागे ढकलला गेलेला असतो. आधी जवळ बसा, हळू आवाजात बोला, समजावणं मागाहून होऊ दे. शाळेच्या वेळी दुखणारं पोट हा दर वेळी बहाणा नसतो. ते खरोखर दुखतं.

कधी कधी पहारेकरी कामावरून उतरायलाच तयार नसतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ला आणि पुन्हा २३ मे २०२४ला कारखान्यांत मोठे स्फोट झाले, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. असा आवाज ऐकलेलं मूल पुढे कुकरच्या शिटीलाही दचकू शकतं. अशा वेळी झोपेची, जेवणाची, खेळायची वेळ रोजचीच ठेवली, की पहारेकऱ्याला हळूहळू पटतं, सगळं ठीक आहे. आठवडे उलटले तरी पटलं नाही, तर तज्ज्ञांकडे जायचं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ याच कामासाठी सुरू केली. ताप आल्यावर आपण डॉक्टरांकडे जातो, तसंच हे.

आता एक प्रयोग. मनगटावर अंगठ्याखाली दोन बोटं ठेवा, नाडी लागेल. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. श्वास घेताना नाडी किंचित भरभर, सोडताना किंचित सावकाश, जाणवतंय? मेंदूपासून हृदयापर्यंत आणि थेट पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची लांबलचक नस आहे. ती हृदयाचा ब्रेक आहे, आणि श्वास सोडताना तो ब्रेक जास्त लागतो.

पहारेकरी मोठ्यांच्या डोक्यातही असतो. संध्याकाळी ठाण्याला किंवा कल्याणला गर्दीच्या लोकलमधून उतरून आई घरी येते, तेव्हा तिचा तर तासभर ओरडत आलेला असतो. म्हणून दारातच ‘आई, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय!’ असं सांगू नका. तिला पाणी द्या, शेजारी बसा, तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवा आणि अर्धा मिनिट ठोके मोजून वहीत लिहा. दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. मग तिला तुमचे मोजू द्या.