बोस्टनचा चहा आणि वज्रेश्वरीचा तट

आमचीं मुलें घरींच शिकतात. अमेरिकेचा इतिहास पुस्तकांतून त्यांच्या गळीं उतरेना, म्हणून वज्रेश्वरीस मुक्कामीं असतां आम्हीं पाण्याचें घंगाळ पुढें ठेविलें व काड्यांच्या पेट्यांत चहापत्ती भरून ती त्यांत ओतावयास लाविली. (उन्हाळ्याच्या कुंडांतच ओतूं, ही धाकट्याची सूचना अर्थातच अमान्य झाली.) १७७३ च्या डिसेंबरांत बोस्टन बंदरीं ३४२ पेट्या बुडाल्या, त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या.

"आपल्याकडे आली तीच?" थोरलीनें विचारिलें.

मग त्यांस देवळाच्या किल्लेवजा तटाशीं नेलें. १७३९ सालीं वसई जिंकून चिमाजीअप्पांनीं नवस फेडला तो हें देऊळ बांधवून, असें येथें सांगतात. तीच वसई १७८० सालीं कंपनीच्या गॉडर्डनें घेतली. पुढल्याच वर्षीं यॉर्कटाऊनला कॉर्नवॉलिस अमेरिकनांस शरण गेला.

"ते सुटले, मग आपण कां अडकलों?"

त्यांच्या पाठीशीं फ्रान्सचें आरमार होतें. इकडे राघोबादादाच इंग्रजांच्या आश्रयास गेले होते. एवढ्यानें थोरलीचें समाधान झालें नाहीं, आमचेंही नाहीं. हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ सालीं गव्हर्नर-जनरल होऊन इकडेच आला, हें ऐकतांच धाकट्यानें पेट्या पुन्हां भरावयास घेतल्या.